वस्ताद किती, पैलवान किती?

(उचगाव, ता. करवीर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कुस्तीचं मैदान संपलं की घरी जाताना एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, "वस्तादानं पोरगं काय तयार केलंय!" दुसरा म्हणतो, "अहो, पोरातच दम होता, वस्ताद काय करणार?" दोघंही गावापर्यंत भांडत जातात आणि कुणीच हरत नाही. आज मला याच वादावर बोलायचं आहे, कारण त्याच्या उत्तरावर आपल्या पोरापोरींचं बरंच काही अवलंबून आहे.

सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपासून करतो. तिथं प्रत्येक सामन्याची, प्रत्येक गुणाची नोंद असते, त्यामुळं बोलायला पुरावा हाताशी असतो.

मायकेल जॉर्डन 1984 साली शिकागो बुल्स संघात आला. 1986-87 च्या हंगामात त्यानं एका सामन्याला सरासरी 37.1 गुण काढले. असा खेळाडू ज्या संघात, तो संघ अजिंक्य असायला हवा. पण त्या हंगामात बुल्सनी 40 सामने जिंकले आणि 42 गमावले. पुढं बोस्टननं त्यांना सलग तीन सामने हरवून घरी पाठवलं. 1989 साली फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी टेक्स विंटर यांच्याकडं तीन खेळाडूंचा त्रिकोण धरून चेंडू फिरता ठेवण्याची एक पद्धत होती. ती संघात मुरली. चेंडू एकट्या जॉर्डनच्या हातात राहिना, बाकीचे चौघेही खेळायला लागले. तोवर स्कॉटी पिपेनही तयार झाला होता. 1991 साली पहिलं विजेतेपद आलं आणि 1998 पर्यंत एकूण सहा.

हे ऐकून पहिला गडी म्हणेल, "बघा, वस्तादाचंच खरं." पण जरा थांबा. सॅन अँटोनिओ स्पर्स या संघाचे ग्रेग पोपोविच हे त्या खेळातले फार मोठे प्रशिक्षक. 1996-97 च्या हंगामात मध्येच त्यांनी संघ हाती घेतला. मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीनं बाहेर होता. पोपोविच यांच्या हाताखाली संघानं 17 सामने जिंकले आणि 47 गमावले. पुढच्या हंगामात रॉबिन्सन परतला, टिम डंकन नावाचा नवा उंचापुरा मुलगा संघात आला आणि त्याच पोपोविच यांच्या संघानं 56 सामने जिंकले. 1999 साली विजेतेपद मिळालं. त्यांच्या पाचही विजेतेपदांत डंकन होता. फिल जॅक्सन यांच्या अकरा विजेतेपदांचंही तेच. सहा जॉर्डनबरोबरची, पाच कोबी ब्रायंटबरोबरची.

मग खरं काय? माझं मत असं, की हा वाद आपण शिखरावर उभं राहून घालतो आणि तिथंच फसतो. त्या शिखरावर प्रत्येक संघाला उत्तम प्रशिक्षक असतो, डॉक्टर असतो, आहारतज्ज्ञ असतो. प्रशिक्षण सगळ्यांना मिळालेलं असतं, म्हणून उरलेला फरक अंगच्या गुणांचा दिसतो. पण तिथं पोहोचलेला प्रत्येक जण लहानपणी कुणाच्या तरी नजरेला पडलेला असतो. जे नजरेला पडलेच नाहीत, त्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

नजरेला पडायला उशीर झाला तर काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग. उंची सात फूट दोन इंच. उंची कुठल्याही प्रशिक्षकाला शिकवता येत नाही, ती जन्माची देणगी. लुधियानाच्या अकादमीत त्याला बास्केटबॉलचे धडे मिळाले, 2010 साली तो फ्लोरिडाला गेला आणि 2015 साली डॅलसच्या संघानं त्याची 52 व्या क्रमांकावर निवड केली. तिथल्या व्यावसायिक संघानं निवडलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. पण मुख्य स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. पुढं तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत उतरला. ज्या पोरांशी त्याची गाठ होती, ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून चेंडूबरोबर वाढलेली. देहाची देणगी त्याला पुरेपूर होती. कमी पडली ती लहानपणची वर्षं, आणि गेलेलं वय कुठलाच प्रशिक्षक परत आणून देऊ शकत नाही.

आता आपल्या घरी येऊ. प्रशिक्षक म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, तालमींना आश्रय दिला. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं साऱ्या देशातल्या पैलवानांना पाठ होती. सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर इथं घडले, 1960 साली हिंदकेसरी झाले आणि नंतरचं आयुष्य त्यांनी वस्ताद म्हणून मातीला दिलं.

तालमीत पहाटे जाऊन कधी नीट बघा. ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेली तांबडी माती. पोरांच्या जोर-बैठका झालेल्या, लढती लागलेल्या. एक पोरगं पट काढायला खाली जातं आणि दर वेळी वरचा त्याला दाबून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं ताकदीला कमी आहे. कडेला उभा वस्ताद ताकदीचं नावही काढत नाही. तो हौद्यात उतरतो, पोराचा मागचा पाय आपल्या पायानं वीतभर पुढं सरकवतो आणि म्हणतो, "आता जा." पुढच्या खेपेला पट निघतो. पोराच्या अंगात तेवढ्यात ताकद आली नाही. ताकद होतीच, तिला उभं राहायला जागा मिळाली.

पण डाव दाखवणं हा वस्तादाच्या कामातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे जोड लावणं. जत्रेच्या मैदानात या पोराला कुणाशी सोडायचं? फार भारी जोड लावली तर पोरगं मोडतं, कधी अंगानं, कधी मनानं. हलकी लावली तर बक्षीस मिळतं आणि शिकणं थांबतं. मैदान भरवणारा पैसे जास्त देतोय, गाव हट्ट धरतंय, घरचे उतावीळ झालेत, आणि वस्ताद म्हणतो, "यंदा नाही." या नकारामागं त्या पोराच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार असतो. खुराक काय, झोप किती, दुखावलेला गुडघा मातीत कधी उतरवायचा, हे सगळं ठरवणारा एक जाणता माणूस पोरामागं असणं, याला मी प्रशिक्षण म्हणतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण आजच्या प्रश्नासाठी ती पुन्हा वाचली पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. पुढं राजाराम कॉलेजात शिकताना कोल्हापूरच्या मातीत तयारी झाली. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथं माती नव्हती, मॅट होती. आपल्याकडं पाठ टेकवली की कुस्ती झाली. तिथं गुण मोजले जात होते, वेळ बांधलेली होती. रीस गार्डनर या परदेशी मार्गदर्शकानं त्यांना मॅटची ओळख करून दिली आणि खाशाबा सहावे आले. चपळाई त्यांची स्वतःची होती. पण मॅटचे नियम अंगच्या गुणातून उमजत नाहीत, ते कुणीतरी सांगावेच लागतात.

1952 साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खर्डेकरांनी खाशाबांना डाव शिकवला नव्हता, पण त्या पदकात त्यांचा वाटा कुठल्याही वस्तादाएवढा आहे. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच दिवसाची दुसरी बाजू अशी. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दमवणारी कुस्ती संपली आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम बोट ठेवून दाखवायला त्यांच्या बाजूचा एकही माणूस तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. पुढं इशींना सुवर्ण मिळालं, मामेदबेयोव्हना रौप्य. ऐन वेळी "थांबा" म्हणणारा माणूस नसला, तर अंगच्या गुणाला काय किंमत मोजावी लागते, ते मला या प्रसंगात दिसतं.

कुस्तीतलं पुढचं ऑलिम्पिक पदक भारताला मिळालं 2008 साली, म्हणजे 56 वर्षांनी. ते आलं दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधून. तिथले गुरू सतपाल, ज्यांची युवराज पाटलांशी झालेली लढत आपली जुनी माणसं अजून सांगतात. सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, अमन सेहरावत, हे सगळे ऑलिम्पिक पदकवाले एकाच आखाड्यातले. त्याच एका जागेभोवती देवानं पैलवान जन्माला घातले, असं मला वाटत नाही. तिथं लहान वयात पोरं घेतली गेली, मॅट होती आणि रोज बघणारा गुरू होता. आपल्याकडं माती होती, खुराक होता, जिद्द होती, वस्तादही तोलामोलाचे होते. पण मॅट आणि मॅट जाणणारी माणसं गावोगावी वेळेवर पोहोचली नाहीत. त्या मधल्या वर्षांत आपली किती पोरं वाया गेली असतील, याचा विचार केला की मला वाईट वाटतं.

आता उलटं उदाहरण, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. शिक्षकाच्या घरातला नेमबाज स्वप्नील कुसाळे. 2009 साली वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. प्रबोधिनीत पोरांची उंची, वजन, लवचिकता, धाव, उभी उडी, चेंडूफेक अशा चाचण्या घेतात आणि मग खेळ ठरतो. कांबळवाडीत 50 मीटरची रेंज नव्हती. घरी राहिला असता, तर आपला हात आणि श्वास इतका स्थिर आहे हे त्याला स्वतःलाही कधी कळलं नसतं. बंदूक हातात येईपर्यंत हा गुण दिसतच नाही.

त्याच्या रायफल नेमबाजीच्या प्रकारात 50 मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा. स्वप्नीलला ऑलिम्पिकपर्यंत पोहोचायला आंतरराष्ट्रीय स्पर्धांची बारा वर्षं लागली. त्या वाटेवर त्याच्यामागं होत्या दीपाली देशपांडे, 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्वतः खेळलेल्या. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या अंतिम फेरीत तो आधी मागं होता. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, पालथ्या फेरीनंतर पाचवा, आणि उभ्या फेरीत चढत चढत तिसरा. 451.4 गुण आणि कांस्यपदक. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

कोल्हापुरात हे एकाएकी झालं नाही. तेजस्विनी सावंत यांनी इथंच जयसिंग कुसाळे यांच्याकडं नेमबाजीचे धडे घेतले आणि 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, त्या विश्वविजेत्या झाल्या. त्यांच्यामागोमाग राही सरनोबत आल्या. दुखापतीनंतर, दोन ऑलिम्पिक कांस्यपदकं जिंकलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन या प्रशिक्षकांनी राहींचा खेळ पुन्हा बांधला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत राहींनी सुवर्ण मिळवलं. एका गावात एक शिकवणारा टिकला की पाठोपाठ पोरं तयार होतात. एकीचं यश दुसरीला वाट दाखवतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वस्तादाची पूजा करा असं मला म्हणायचं नाही. अंगी गुण नसलेल्या पोराला पदक मिळवून देतो म्हणणारा, फीपुढं दुसरं न बघणारा आणि शिस्तीच्या नावाखाली पोरांना मारझोड करणारा माणूस प्रशिक्षक नव्हे. चांगला प्रशिक्षक आईबापाला खरं सांगतो, "तुमच्या मुलीला हा खेळ नाही, तो दुसरा बघा," किंवा "हा खेळेल आनंदानं, पण पोटापाण्याचं शिक्षण सोडू नका." बहुतेक पोरांना पदक मिळणार नाही. त्यांना निरोगी शरीर, धीट मन आणि हरल्यावर हात मिळवायची सवय मिळाली, तर तेही प्रशिक्षणाचंच फळ.

तर माझं उत्तर असं. शिखरावर गुण बोलतो, पायथ्याला प्रशिक्षक बोलतो. आणि आपण उचगावकर पायथ्यालाच उभे आहोत. कोल्हापूर शेजारी, तावडे हॉटेलचा चौक हाकेच्या अंतरावर, महामार्ग दाराशी, म्हणजे कांबळवाडीच्या पोराला जी लांबची वाट होती ती आपल्याला नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, गावातल्या सगळ्या शाळांतल्या आठ ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची प्रबोधिनीसारखी चाचणी दर वर्षी व्हावी. दुसरी, क्रीडांगणाला नवी कमान बांधण्याआधी रोज मैदानावर उभं राहणाऱ्या एका शिकवणाऱ्याचं मानधन ठरवावं, कारण कमान पोराचा पाय वीतभर पुढं सरकवत नाही. तिसरी, मैदानाची वेळ मुलींसाठी राखून ठेवावी. तेजस्विनी आणि राही याच जिल्ह्यातल्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

पोराच्या अंगात दम किती घालायचा, हे आपल्या हातात नव्हतं. त्याला वेळेवर वस्ताद मिळणार की नाही, हे मात्र पूर्णपणे गावाच्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि तो मंजूर झाल्याशिवाय उठू नका.