बेथसैदाचा आंधळा व आमचे गुडघे

(आजाऱ्यांच्या जागतिक दिनी, 11 फेब्रुवारी रोजी, पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादापूर्वी मंदिरात केलेले भाषण)



महोत्सव समितीने मजकडे भाषण मागितले, तेव्हा मी या धर्मग्रामाच्या इतिहासावर काही बोलावे अशी मंडळींची अपेक्षा होती. परंतु इतिहास सांगणारी माझ्याहून अधिक जाणती माणसे आपणांत आहेत, आणि आजचा दिवस आजाऱ्यांचा आहे. म्हणून मी आज गुडघ्याविषयी बोलणार आहे. मुलांनी हसू नये; त्यांच्याही आजीचा गुडघा या भाषणात आहे.

रविवारी वेदीवरून समोर पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी उन्नयनाच्या वेळी सारे मंदिर गुडघ्यांवर असे. आता पुढच्या चार-पाच ओळींतील वडीलधारी मंडळी बाकावर बसूनच मस्तक लववितात. जन्मभर वाडीत उकिडवे बसून भाजी खुडणे, विहिरीचे पाणी वाहणे, ओटे सारविणे, यांत ते गुडघे झिजून गेले. 2017 सालच्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस मर्यादा घातली, तेव्हापासून हे काम मध्यम स्थितीतील कुटुंबांच्याही काहीसे आटोक्यात आले, आणि आता गुडघा बदलून घेतलेले माणूस आमच्या प्रत्येक आळीत आढळते. त्यांतलाच मी एक. गेल्या मे महिन्यात माझा उजवा गुडघा बदलला. आज त्यास नऊ महिने होतात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली असे डॉक्टर म्हणाले, व ते खरेच होते. तथापि ‘शस्त्रक्रिया उत्तम झाली’ आणि ‘माणूस बरा झाला’ या दोन वाक्यांमध्ये केवढे अंतर असते, हे मला कोणी नीट सांगितले नव्हते. अथवा सांगितले असेल, पण मी ऐकले नसेन. घरी परतलेल्या आजाऱ्यास सारे गाव भेटून जाते, नारळ व बिस्किटे येतात, आणि तीन आठवड्यांनी सारे गाव त्याला विसरते. दुखणे मात्र राहते. मग कोणी सहज म्हणते, “अमक्याची काकू तर महिन्यात बाजारात गेली, तुमचे अजून काय?” त्या प्रश्नाने जी जखम होते तिला टाके घालता येत नाहीत.

या शस्त्रक्रियेत काय करतात ते थोडक्यात सांगतो, कारण दुखण्याचे कारण समजले म्हणजे भय कमी होते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला पृष्ठभाग, सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा, कापून काढतात. वर बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची टोपी बसवितात, खाली धातूची बैठक, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी. इतके काम दीड-दोन तासांत होते. परंतु धातू तेवढ्या वेळात बसला म्हणून मांस, कातडी व मज्जातंतू तेवढ्या वेळात सांधत नाहीत. सूज तीन ते सहा महिने राहते, कित्येकांस वर्षभर. गुडघा हातास ऊन लागतो. व्रणाच्या बाहेरील बाजूस कातडीचा एक तुकडा बधिर होतो, कारण तेथून जाणारा बारीक मज्जातंतू छेदात कापला जातो. त्या जागेवर हात ठेविला म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या पायावर ठेविल्यासारखे वाटते. चालताना आतून टकटक ऐकू येते. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावले लाकडाची असतात. आणि रात्र! दिवसा कामात, माणसांत मन गुंतते. रात्री दोनच्या सुमारास माणूस व त्याचा गुडघा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. यांतील बहुतेक सारे अपेक्षितच आहे, आणि ते हळूहळू उतरते. दहांतील एका-दोघांस, काही गणनांप्रमाणे त्याहून अधिक जणांस, पुढेही थोडेबहुत दुखणे उरते, हेही मी लपवीत नाही. ज्यांचे उरते त्यांचा काही अपराध नसतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत पेत्राच्या सासूचा ज्वर प्रभूने एका क्षणात घालविला, आणि ती लागलीच उठून त्यांची सेवा करू लागली. आपणां सर्वांस हाच चमत्कार हवा असतो. घरच्यांस तर विशेषच, कारण त्यात बाई उठून स्वयंपाकास लागते! परंतु संत मार्काच्या आठव्या अध्यायात दुसरी एक कथा आहे, ती आपण क्वचित वाचतो. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने हाताला धरून गावाबाहेर नेले व त्याच्यावर हात ठेविले. मग काही दिसते का असे त्यालाच विचारले. त्या मनुष्याने खरे ते सांगितले: माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. तेव्हा प्रभूने पुन्हा एकदा हात ठेविले, आणि मग त्यास स्पष्ट दिसू लागले.

ज्याने लाजरसाला एका हाकेत कबरेबाहेर आणिले, त्यास येथे दोनदा हात का ठेवावे लागले, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र त्या आंधळ्याच्या उत्तराचे नवल वाटते. समोर साक्षात प्रभू, भोवती शिष्य. अशा वेळी आपल्यापैकी कोणीही भिडेस पडून ‘दिसते, दिसते, देवाची कृपा’ असे म्हटले असते. तो तसे म्हणाला नाही. अर्धे बरे झालेले त्याने अर्धेच सांगितले, आणि प्रभूने त्याला कृतघ्न म्हटले नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. जिच्यासंबंधी ती आहे ती भगिनी आज आपणांत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलतो. काही वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला. दीड महिन्याने मी ख्रिस्तप्रसाद घेऊन तिच्या घरी गेलो, तेव्हा ती रडत होती. व्यायाम शिकविणारी मुलगी येऊन गुडघा वाकवी, त्याच्या वेदना तिला असह्य होत, रात्री झोप नसे. मी सेमिनरीत शिकलेला मनुष्य. माझ्यापाशी उत्तर तयार होते. मी म्हणालो, “बाई, हे दुःख प्रभूच्या क्रूसाशी जोडा, आणि शांत पडून राहा.” तिने माझा शब्द खाली पडू दिला नाही. त्या मुलीस येऊ नको म्हणून सांगितले, दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेतली, हाती रोजरी घेतली, आणि ती पडून राहिली. उशीने आराम वाटतो हे खरे, पण वाकलेला गुडघा वाकलेलाच आखडतो. पुढे तो ना पुरता सरळ होई ना पुरता वाके. शेवटी भूल देऊन तो वाकवून घ्यावा लागला. वाकणे काहीसे सुधारले, सरळ होणे सुधारले नाही. त्या पायाने ती आजही लंगडते. मी समाचारास गेलो तेव्हा एवढेच म्हणाली, “फादर, तुम्ही सांगितलंत अर्पण करा. मी केलं.” त्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुःख प्रभूस अर्पण करावे ही ख्रिस्तसभेची शिकवण सत्य आहे, आणि मी ती मागे घेत नाही. दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी संत जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली याच तारखेस एक प्रेषितीय पत्र लिहिले, आणि पुढे 1994 साली पडून मांडीचे हाड मोडल्यावर कृत्रिम खुबा घेऊन स्वतःही काठीच्या आधारे चालले. परंतु कोणते दुःख अर्पण करावयाचे, हे मी त्या बाईला चुकीचे सांगितले. पडून राहण्याचे नव्हे, गुडघा वाकविण्याचे दुःख अर्पण करावयास सांगावयाचे होते. हे मला माझा स्वतःचा गुडघा वाकविताना कळले, म्हणजे फार उशिरा.

म्हणून व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. त्या मी स्वतःवर करून पाहिल्या आहेत, व माझ्या डॉक्टरांचीही त्यांस संमती आहे. उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा आपल्याच भाराने सरळ होतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, आणि निजून पाय छातीहून उंच करावा. खुर्चीवर बसून पाय लोंबता ठेवणे हे सुजेला आमंत्रणच होय. व्यायाम एकदाच पुष्कळ करून दोन दिवस अंथरुणास खिळण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा करावा. मी घड्याळाऐवजी जपमाळ वापरीत असे: एका मण्याला एकदा वाकविणे, एकदा सरळ करणे. दहाव्या मण्यापर्यंत माझे चित्त रहस्यावर असे असे मी म्हणणार नाही.

वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे, असा एक समज आमच्या भाविक मंडळींत आहे. चाळीसाव्यात तर कित्येकजण गोळी बंद करतात. 1957 सालच्या फेब्रुवारीत परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे याच विषयावर भाषण केले व वेदना शमविणारी औषधे घेण्यास ख्रिस्ती मनुष्यास मोकळीक आहे असे स्पष्ट केले. डॉक्टरांनी ठरविलेली गोळी व्यायामापूर्वी घेतली तर व्यायाम नीट होतो. गोळी नाकारून व्यायाम टाळणे हा कोणता उपवास? उलट, मूत्रपिंडाचा किंवा पोटाचा विकार असेल त्याने दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत. आणि सहन करण्याच्या नावाखाली लपवू नयेत अशाही काही गोष्टी आहेत: व्रणातून स्राव वा पू येणे, ताप, वाढत जाणारी लाली, एकाएकी वाढलेले दुखणे, पोटरी सुजून दुखणे. यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे, आणि छातीत दुखले वा धाप लागली तर क्षणभरही थांबू नये.

रेंगाळणाऱ्या दुखण्याचे एक उदाहरण आपल्या संतमालिकेतही आहे. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने लोयोलाच्या इग्नासचा पाय मोडला. हाड वाकडे बसले म्हणून घरी पुन्हा मोडून बसविण्यात आले. इतके करूनही गुडघ्याखाली हाडाचे एक टोक वर राहिले. घट्ट, डौलदार बूट घालता यावेत एवढ्या हौसेपायी त्याने शुद्धीवर असतानाच तेही कापून घेतले, आणि ते धीराने सोसले. जून महिन्यात तो मरणाच्या दारी होता व त्यास अखेरचे संस्कारही झाले. त्याचे मन पालटले ते मात्र या शौर्याच्या किंवा संकटाच्या घटकेस नव्हे. इतर प्रकृती सुधारली होती, फक्त पायावर नीट उभे राहता येत नव्हते, अशा कंटाळवाण्या काळात त्याने वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात सापडल्या नाहीत, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतांची चरित्रे त्याच्या हाती आली. 1522 च्या आरंभी तो घराबाहेर पडला, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांनी. पाय पुरता बरा झालाच नाही. तो जन्मभर थोडा लंगडतच चालला.

नऊ महिने हा आकडा वाचून मला उगीच बरे वाटले, हे कबूल करतो. त्यांस नऊ महिन्यांत येशूसंघाच्या संस्थापकाचे अंतःकरण मिळाले. मला माझा गुडघा शंभर अंशांपर्यंत वाकविता येऊ लागला आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुम्हांस एकच विनंती. ‘अजून दुखते का?’ असे विचारू नका. त्या ‘अजून’मध्ये ठपका असतो. प्रभूने विचारले तसे विचारा: आज काय दिसते? आज काय जमले? आजीला आज ओट्याची पायरी उतरता आली असेल तर तीच त्या दिवसाची मोठी वार्ता समजा. आणि रडली तर रडू द्या.

माझ्याविषयी एक गोष्ट उरली, कारण काहींनी ती आडून विचारली आहे. मिस्सामध्ये याजकाने तीनदा गुडघा टेकून वंदन करावयाचे असते. मला ते अजून साधत नाही. बरा झालेला गुडघा टेकल्याने बहुधा अपाय होत नाही, पण पुष्कळांस तेथे टोचल्यासारखे होते, आणि कित्येकांस पुढेही टेकता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांस विचारूनच काय ते करावे. मी तूर्त वेदीच्या कडेस हात ठेवून खोल नमन करतो. पहिल्या रविवारी असे करताना मला इतकी लाज वाटली की प्रार्थनेचे शब्द चुकले. दीक्षेपासून जे शरीराने केले ते आता शरीर करू देत नाही, हे प्रभूपुढे उभ्यानेच कबूल करावे लागते. चालणाऱ्या झाडांपर्यंत मी आलो आहे. पुढचा हात त्याने केव्हा ठेवावा, हे मी त्याला रोज विचारतो.

आता पवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद होईल. ज्यांस गुडघे टेकता येतात त्यांनी टेकावेत. इतरांनी बाकावर स्वस्थ बसून राहावे. शेजारच्याने त्यांच्याकडे वळून पाहू नये. तैलाभ्यंग घ्यावयाचा असेल त्यांनी पुढे येण्याचे कारण नाही, मीच ओळींतून येईन. सावकाश येईन, तेवढे सांभाळून घ्यावे.