नजरेआडची जखम : निवृत्त सैनिकाचे अपंगत्व-निवृत्तिवेतन



रणांगणावर ज्याचा पाय गेला, त्यास आपले अपंगत्व कोणापुढे सिद्ध करावे लागत नाही. अशा जवानांसाठी १९१७ साली मुंबईत निघालेली व पुढे खडकीस गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, अथवा पुण्यात १९४४ साली स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र, या संस्था महाराष्ट्राच्या परिचयाच्या आहेत. परंतु ज्याचे दोन्ही पाय शाबूत दिसतात आणि तरीही खुब्याचा सांधा निकामी झाल्यामुळे ज्यास दोनशे पावले चालणे जड जाते, त्या सैनिकाची जखम नजरेआड असते. तिचा हक्क कागदोपत्रीच मिळवावा लागतो, आणि पुष्कळदा पहिला नकार पचवून अपिलात मिळवावा लागतो. आजचे भाषण त्या अपिलाविषयी आहे.

नीरेकाठचे अकलूज हे उसाचे व साखरेचे गाव. लष्करातून परतलेला गडी येथे बहुधा पुन्हा शेतकरी होतो. खुबा दुखू लागला की उसाला पाणी देताना सरी ओलांडवत नाही, उकिडवे बसून खुरपणी होत नाही आणि पंगतीत मांडी घालता येत नाही. लोक म्हणतात, ‘गडी धडधाकट आहे, अंगचोरी करतो.’ असे बोल ऐकून घेणाऱ्या माणसास सरकारी पत्रातही तोच नकार वाचावा लागला, तर तो खचतो व पत्र ट्रंकेत टाकून देतो. तेथेच त्याचे नुकसान होते.

प्रथम खुब्याचा प्रकार समजून घेऊ. मांडीच्या हाडाचा वरचा गोल कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतो. या गोलास होणारा रक्तपुरवठा मुख्यतः हाडाच्या मानेवरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून होतो. मान मोडली, सांधा निखळला, किंवा अन्य कारणाने त्या वाहिन्या बंद झाल्या, तर गोलाचे हाड हळूहळू मृत होते आणि पुढे ढासळते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, अतिरिक्त मद्यपान व काही रक्तविकार यांमुळेही हे घडते. वेदना जांघेत, कधी केवळ गुडघ्यात जाणवते. म्हणून आधी गुडघ्याचीच तपासणी होते. आरंभी क्ष-किरण चित्रात दोष दिसतही नाही, एम. आर. आय. तपासणीत तो दिसतो. तात्पर्य, मूळ आघात आणि रोगाचे निदान यांत वर्षे लोटू शकतात. वैद्यकीय मंडळ ‘हा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा मारते, तेव्हा वादाचे मूळ बहुधा या मधल्या वर्षांतच असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांप्रमाणे दोन गोष्टी लागत : विकार सेवेमुळे उद्भवलेला अथवा सेवेने वाढलेला असावा, आणि अपंगत्व २० टक्के किंवा अधिक असावे. हा संबंध कसा ठरवावा ते १९८२ च्या नियमांत सांगितले होते. भरतीच्या वेळी ज्या विकाराची नोंद नव्हती, तो सामान्यतः सेवाकाळात उद्भवला असे मानावयाचे. हक्काच्या अटी सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकावयाचा नाही. रास्त शंकेचा फायदा त्यास द्यावयाचा, आणि क्षेत्रीय सेवा केलेल्यास तो अधिक उदारपणे द्यावयाचा.

हे नियम कागदावर होते, त्यांस धार आली ती धरमवीर सिंग यांच्या खटल्यात. १९८५ साली भरती झालेला हा सैनिक सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणाने मुक्त झाला. अपंगत्व २० टक्के ठरले, पण सेवेशी संबंध नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला की, भरतीच्या वेळी रोग ओळखता आला नसता असे मंडळाचे मत असेल तर त्याची कारणे मंडळाने लिहिलीच पाहिजेत. नुसता शेरा पुरत नाही. रोग निराळा असला, तरी हे सूत्र खुब्याच्या दाव्यासही लागू पडते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. माळशिरस तालुक्यातील एक जवान एकोणिसाव्या वर्षी, तपासणीत निर्दोष ठरून, भरती झाला. नवव्या वर्षी डोंगरी ठाण्यावर गस्तीत घसरून पडला व तीन आठवडे इस्पितळात राहिला. चौदाव्या वर्षी खुब्याचे निदान झाले. सतराव्या वर्षी तो २०१८ साली सेवेतून बाहेर पडला. मंडळाने अपंगत्व ३० टक्के लिहिले आणि संबंध नाकारला. या माणसाने अपिलात ‘मला फार दुखते’ एवढेच लिहिले तर ते व्यर्थ आहे. त्याचे दुखणे कोणी नाकारलेलेच नाही. त्याने लिहावयाचे ते असे : भरतीच्या तपासणीत नोंद नव्हती, अमुक तारखेस कर्तव्यावर असता इजा झाली, तिचा अहवाल हा, अमुक वर्षे डोंगरी ठाण्यांवर होतो, मंडळाने संबंध नाकारताना कारण दिलेले नाही.

अशा अपिलात पैशाचा प्रश्नही लहान नसतो. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा अंश मिळतो. वेतन ४०,००० रुपये धरल्यास ३० टक्के अपंगत्वास दरमहा ३,६०० रुपये होतात. पण ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरावयाचे, अशी सवलत आहे. ती मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसही मिळावी, असा निर्णय राम अवतार यांच्या खटल्यात २०१४ साली झाला. त्या हिशेबाने रक्कम ६,००० रुपये होते.

अपिलाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील. तेही फेटाळले गेल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचे एक पीठ मुंबईस आहे. वैद्यकीय मंडळाचे कागद, इजेचा अहवाल व इस्पितळाच्या चिठ्ठ्या आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयातून मागवाव्या. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. अर्ज लिहिण्यास सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साह्य मागता येते.

विलंब झाला म्हणून दार बंद होत नाही, पण विलंबाची किंमत पडते. १९८३ साली सेवामुक्त झालेले तरसेम सिंग १९९९ साली न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्यांचा हक्क मान्य केला, परंतु थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीनच वर्षांपुरती मर्यादित केली. आपल्या उदाहरणातील जवान दहा वर्षे स्वस्थ बसला, तर सात वर्षांचे ५,०४,००० रुपये तो घालवून बसेल.

दोन इशारे दिले पाहिजेत. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांस नवे नियम लागू आहेत. त्यांनी जुन्या निर्णयांवर डोळे झाकून विसंबू नये. दुसरे असे की, प्रत्येक खुब्याचे दुखणे सेवेचेच फळ असते असे नाही. निवृत्तीनंतर मोटारसायकलवरून पडून झालेली इजा सेवेच्या माथी मारणारा, खऱ्या हक्कदारांच्या अर्जांविषयीही संशय निर्माण करतो.

अपंगत्व-वेतन ही भिक्षा नव्हे. धडधाकट शरीर घेऊन सरकारने ते जायबंदी परत केले, तर त्याचा हिशेब सरकारनेच द्यावयाचा, हे त्यामागील तत्त्व आहे. म्हणून ज्यांच्या ट्रंकेत असे नकाराचे पत्र पडून असेल, त्यांनी ते आज बाहेर काढावे, त्यावरील तारीख पाहावी, आणि नकाराचे कारण दिले आहे की नुसता शेराच मारला आहे, तेवढे नीट वाचावे. अपिलाचा आरंभ त्या ओळीपासून होतो.