मिनी बाईक छोटी, रायडर 100 किलोचा: फ्रेम टिकेल का?

1972 मध्ये आलेली कायनेटिकची 50 सीसी लुना आपल्या नगरचीच. तिच्यावर जाड माणूस बसला की लोक हसायचे. हसू द्या, पण घरी बांधलेली मिनी बाईक चालताना मोडली, तर ते हसण्यावारी जात नाही.

म्हणून इंजिनआधी हिशोब. रायडर 100, गाडी 45, एकूण 145 किलो. सीट मागे असते, म्हणजे साधारण 60 टक्के भार, 87 किलो, मागच्या चाकावर. खड्ड्यात तो आणखी वाढतो. टायरवरचा लोड इंडेक्स वाचा: 36 म्हणजे 125 किलो, 42 म्हणजे 150. ट्रॉलीची चाकं नकोच.

पाइप नुसता जाड नको, व्यासाने मोठा घ्या. तेवढ्याच वजनात जास्त ताठ राहतो. हँडलच्या पाइपाच्या जोडावर सगळ्यात जास्त ताण, तिथे दोन्ही बाजूंनी तिकोनी पत्रा वेल्ड करा. चेनला पुढे 12 दाते, मागे 60: चाकाला पाचपट जोर, वेग कमी. ब्रेक दोन्ही चाकांना.

बसण्याआधी सिमेंटच्या 50 किलोच्या तीन गोण्या सीटवर बांधा, दोघांनी धरून खड्ड्यातून ढकला, मग एकेक वेल्ड तपासा. चीर दिसली तर पुन्हा वेल्डिंग.

आणि हो, नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर नाही, स्वतःच्या शेतातच. हेल्मेट घालून! भेटू पुढच्या भागात.