इंजिनाच्या धुराची भाषा

दसरा उलटला कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, धारूर, केज या तालुक्यांच्या गांवोगांवीं मालमोटारी येऊन उभ्या राहतात. ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें भांडींकुंडीं, धान्याचीं पोतीं, लहान मुलें आणि कोयते यांसह त्यांत बसतात व कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटक येथील साखर कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधींच खर्च झालेली असते. अशा वेळीं मोटार आठवडाभर बंद पडली तर नुकसान एकट्या मालकाचें होत नाहीं. साऱ्या टोळीचा हंगाम मागें पडतो. म्हणून शहाणा मालक पावसाळ्याच्या मोकळ्या दिवसांतच इंजिन बांधून घेतो.

लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या, खर्चहि मोठा. आणि पहिल्याच फेरीस सायलेन्सरमधून धुराचा लोट! "अहो मिस्त्री, एवढे पैसे मोजले, आणि हा धूर कसला?" असें मालक विचारतो. "मालक, पुन्हा खोलावं लागेल," असें उत्तर मिळतें. त्या धुराचा रंग कोणता, हें पाहावयाचें दोघांकडूनहि राहून जातें.

डीझेल या जर्मन अभियंत्याचें यशस्वी इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चाललें. त्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या इंजिनांत ठिणगी नसते. आंत घेतलेली हवा सुमारें सतराव्या हिश्शाइतकी दाबली जाते व इतकी तापते कीं, तींत उडालेले इंधनाचे तुषार आपोआप पेट घेतात. हवा पुरेशी हवी, तुषार बारीक व वेळेवर हवेत, आणि दाब कोठें गळतां कामा नये. यांपैकीं कशांत उणें पडलें, तें धूर सांगतो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीनें भरला आहे काय, नोझल थेंब गाळतें काय, किंवा अधिक जोर मिळावा म्हणून पंप वाढवून ठेवला आहे काय, एवढें पाहावें. त्यासाठीं इंजिन उतरविणें हा शुद्ध अविचार होय. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं दोन-चार मिनिटें दिसला तर भिऊं नये. तो टिकला, डोळ्यांस झोंबला आणि त्यास डीझेलचा वास आला, तर इंधन न जळतां बाहेर पडत आहे. पंपाची वेळ चुकली असण्याचा संभव असतो. परंतु रेडिएटरचें पाणी घटत असेल, त्यांत बुडबुडे येत असतील किंवा तेलास दुधाच्या चहाचा रंग आला असेल, तर हेड गॅसकेटकडे वळावें, आणि गाडी पुढें हांकूं नये.

निळसर धूर अधिक फसवा. तो जळलेल्या वंगणतेलाचा असतो. नव्या लायनरची आंतली भिंत मुद्दामच अगदीं गुळगुळीत ठेवलेली नसते. तिजवर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. रिंगा त्यांवर घासून आपली जागा करून घेतात. रिंगेचा स्वतःचा ताण थोडा. जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या मागें शिरून तिला भिंतीशीं भिडवितो, आणि गाडीवर भार असेल तेव्हांच तो दाब भरपूर असतो. येथें लोकांची समजूत नेमकी उलटी आहे. नव्या इंजिनास त्रास नको म्हणून तें दारांत तासन्‌तास मंद चालू ठेवतात. मग रिंगा बसत नाहींत, भिंतीवर तेलाचा काचेसारखा चकचकीत थर धरतो, आणि जो धूर कांहीं दिवसांत थांबावयाचा तो कायमचा होतो. लाडानें मूल बिघडावें, तसाच हा प्रकार. तेलाचा दाब व पाण्याची उष्णता ठीक असल्याची खात्री होतांच गाडी मध्यम भार घालून, वेग कमी-अधिक करीत चालवावी; ती अगदीं ताणूं मात्र नये.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होतांना एक निळा भपका सोडून स्वच्छ झाली, किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरून पुन्हा पाय दाबतांच धूर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर घ्यावा. चढावर भारानिशीं सतत निळा धूर येत असेल तर रिंगा पाहाव्या. खुणेची बाजू वर ठेवावयाची असतां रिंग उलटी बसली, तर ती तेल वरच ओढते. टर्बो असेल तर त्याची नळी काढून आंत तेल आहे काय हें पाहण्यास वेळ लागत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या इंजिनानें सायलेन्सरमध्यें सांठविलेलें तेल नवें इंजिन तापल्यावर जळत राहतें, आणि दोष निर्दोष मिस्त्रीच्या माथीं येतो.

रोज सकाळीं गाडी सपाट जागीं असतां, ती सुरू करण्यापूर्वीं, तेलाची पट्टी पाहावी व किती तेल घालावें लागलें तें चालकानें वहींत टिपावें. तो आंकडा उतरत असेल तर थोडा धूर दिसला तरी इंजिनास हात लावूं नये. तो वाढत असेल, किंवा ब्रीदरमधून जोराचा वाफारा येत असेल, तर कारखान्याच्या वाटेस लागण्यापूर्वीं गांवाजवळच इंजिन खोललेलें बरें. कारण तोडलेला ऊस फडांत पडून वाळूं लागला कीं त्याचें वजन घटतें, आणि तेव्हां मिस्त्रीची वाट पाहण्यास कोणासहि सवड नसते.