यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. शाळा सातवीपर्यंतची, बोलायला उभे राहायचे म्हणजे मला परीक्षाच. पण हा विषय वीस वर्षे मनात बसून आहे. ह्यांना विचारूनच सांगते. ह्यांचे म्हणणे, "सांग खुशाल, एखादीचा तरी त्रास वाचेल."

लग्नाला चार वर्षे झाली तरी आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. हळदीकुंकवाला गेले तर माझी ओटी भरताना बायका घुटमळत. नवस झाले, गुरुवार झाले, अंगारे झाले. मग दवाखाने. कोणते ते सांगत नाही. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढला. त्या दिवशी अशी कळ आली की रिक्षात वाकून बसले होते. सगळे ठीक निघाले. तरी वर्षाने दुसऱ्या ठिकाणी तोच फोटो पुन्हा! घरात दबक्या आवाजात ह्यांच्या दुसऱ्या लग्नाचे निघू लागले होते, आणि भाकऱ्या थापताना ते मला ऐकू येई. एवढ्या अवधीत ह्यांना कुणी काही विचारले नव्हते. खोटे कशाला बोलू, मीही नाही. दोष माझाच, असे मीच धरून चालले होते.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी माझी फाइल चाळली आणि विचारले, "यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" तो नव्हताच. ह्यांनी महिनाभर टाळले. "मी धडधाकट माणूस, कारखान्यात तिन्ही पाळ्या करतो, मला काय झालंय?" थोरल्या नणंदेने भावाला खडसावले तेव्हा गेले. शुक्रजंतू फार कमी निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग तंबाखू सुटली, फुगलेल्या शिरांचे लहानसे ऑपरेशन झाले. पुढचे आपणांस ठाऊक आहे; आत्ता पाहुण्याबाईंना पाणी देऊन गेली ती आमचीच. सगळ्यांचेच असे होते असे मात्र नाही.

पुरुषाच्या तपासणीत सुई नाही, कळ नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता स्वच्छ डबीत वीर्य द्यायचे. घरून न्यायचे तर तासाभराच्या आत पोचवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा दिली आहे. त्याहून कमी निघाले म्हणजे सगळे संपले असे नव्हे. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मध्ये मोठा ताप आला तरी आकडा पडतो. म्हणून एका रिपोर्टावर निकाल लावत नाहीत. आणि मर्दपणाशी याचा काही संबंध नाही, हे घरी जरूर सांगा. पुरुष तेवढ्यालाच घाबरतात!

आपली तपासणी नको असे मी म्हणत नाही. थायरॉइड आहे, बीज तयार होते की नाही ते आहे, नळ्या आहेत. आपल्याकडे क्षयाने नळ्या बंद झालेल्या बायकाही पुष्कळ असतात. प्रयत्न करून एक वर्ष झाले तर दाखवावे. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी क्षय झाला असेल तर तितकेही थांबू नये.

काहीजणी म्हणतात, एकदा दवाखान्यात गेले की टेस्ट ट्यूब बेबीच गळ्यात मारतात. ती विद्या मोठीच आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. पण प्रत्येकीला तेथवर जावे लागत नाही. आणि जावेच लागले तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्या केंद्राची नोंदणी असावी लागते. प्रमाणपत्र पाहायला लाजू नका.

आपल्या मुकुंदवाडीहून घाटी काही लांब नाही. एकटीने जायला संकोच वाटत असेल तिने दुपारी माझ्याकडे यावे, मी सोबत येईन. नवऱ्याला मात्र बरोबर घ्यायचे.