स्मिता पाटील यांच्या राहून गेलेल्या भूमिका

कनेरगाव नाक्याच्या आम्ही बचत गटाच्या बाया आज सिनेमाविषयी बोलणार आहोत. पण बोलता बोलता बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जायचं आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

स्मिता पाटील आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १९५५ चा, पुण्याचा. मुंबई दूरदर्शनवर त्या बातम्या द्यायच्या. तिथूनच श्याम बेनेगल यांनी त्यांना सिनेमात आणलं. १९७६ चा 'मंथन' दूध उत्पादकांवरचा. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घातले आणि तो सिनेमा उभा राहिला. थेंबाथेंबानं पैसा कसा साचतो, हे आपल्या गटाला वेगळं सांगायला नको. पुढं 'भूमिका' आणि 'चक्र' या सिनेमांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठीत 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' केले. 'उंबरठा'मधली सुलभा घर सोडून महिलाश्रम चालवायला जाते. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

२८ नोव्हेंबर १९८६ ला त्यांना मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला त्या गेल्या. बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं, आईचं वय ३१. कारण, बाळंतपणानंतरची गुंतागुंत.

हातात घेतलेलं काम मागं राहिलं. मिरची कांडणाऱ्या बायांचा 'मिर्च मसाला' १९८७ साली लोकांनी पाहिला, तेव्हा त्यातली सोनबाई या जगात नव्हती. 'वारिस' १९८८ मध्ये आला, त्यात त्यांच्या पात्राला रेखा यांचा आवाज द्यावा लागला. अर्धं राहिलेलं काम दुसऱ्यांनी असं पुरं केलं. पण ज्या भूमिका सुरूच झाल्या नाहीत, त्या कोण पुऱ्या करणार? त्यांच्या बरोबरीच्या शबाना आझमी यांना 'गॉडमदर'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. स्मिताची पन्नाशीची बाई, सासू, आजी आपल्याला पाहायलाच मिळाली नाही.

आपल्या गावातली बाळंतीण गेली तर पेपरात फोटो येत नाही. पण तिच्याही भूमिका राहूनच जातात. ती उद्या गटाची अध्यक्ष झाली असती, सरपंच झाली असती, लेकीच्या बाळंतपणाला उभी राहिली असती.

स्मिताच्या आई विद्याताई स्वतः नर्स होत्या, राहणं मुंबईसारख्या शहरात. तरी हे घडलं. म्हणून 'आमची सून धडधाकट आहे, दवाखान्यातून सुखरूप घरी आली, आता कशाची काळजी' असं म्हणू नका. बाळंतपणानंतरचे ४२ दिवस जपायचे असतात.

या खुणा ध्यानात ठेवा. अंगावरून फार जातंय, तासाभरात कापड भिजतंय. ताप किंवा थंडी वाजून येतेय. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय. डोकं फार दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, झटका आला. धाप लागतेय. एका पायाची पोटरी सुजून दुखतेय. यातलं एक जरी दिसलं, तरी शेक-शेगडी, अंगारा, 'सकाळी बघू' यात वेळ घालवू नका. बाळंतिणीला ताप यायचाच, असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

१०८ ला फोन लावा. १०२ ची गाडीही बाळंतिणीसाठी मोफत असते. आपलं गाव जिल्ह्याच्या शिवेवर. एका अंगाला हिंगोली, दुसऱ्या अंगाला वाशिम. कुठं न्यायचं, यावर ऐनवेळी घरात वाद नको. ते सातव्या महिन्यातच आशाताईला विचारून ठरवून ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ती फक्त बाळाला बघायला येत नाही. तिला बाळंतिणीजवळ बसू द्या, आणि बाळंतिणीला सासूच्या माघारी दोन शब्द बोलू द्या.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करावं. गावात कोण गरोदर आहे, कोण ओली बाळंतीण आहे, त्यांची नावं वहीत लिहा. एकेकीची जबाबदारी एकेकीनं घ्या. सोयाबीन काढणीची घाई असो की हळद शिजवायची, रोज एकदा तिच्या दारात जा आणि विचारा, 'बाई, तुला कसं वाटतंय?'