बयाणा देण्याआधी



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'घरात पहिली गुंतवणूक'. मी बिल्डर नाही, एजंटही नाही. पुण्यात नोकरी करतो आणि माझा एक छोटा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. पण त्याच्या आधी आमच्या घरानं एक फ्लॅट घेतला होता. मी जे काही शिकलो ते त्यातूनच, म्हणून सुरुवात तिथून करतो.

अब्बा गॅरेजमध्ये काम करायचे. आयुष्यभराची बचत आणि अम्मीचे दागिने एकत्र करून त्यांनी २००९ मध्ये शहराच्या कडेला एक फ्लॅट घेतला. भाडं येईल, म्हातारपणी हात पसरावा लागणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. विकणारा ओळखीचा, आपल्याच मोहल्ल्यातला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का आणि रोख पैसे. "रजिस्ट्री काय, सावकाश करू," तो म्हणाला. ती कधी झालीच नाही.

पाच वर्षांनी बहिणीच्या फार्मसीच्या फीसाठी तो फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक आलं, पण बँकेनं त्याला कर्ज नाकारलं. इमारतीला बांधकाम परवानगीच नव्हती आणि सातबारावर तिघा भावांची नावं होती. विकणाऱ्याचं त्यात नावच नव्हतं. बहिणीचं एक वर्ष गेलं. अब्बा त्यानंतर त्या फ्लॅटबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट. नोटरी फक्त सही कुणी केली ते सांगते, त्यानं मालकी मिळत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. घरपट्टीची पावती आणि लाइटबिल आपल्या नावावर झालं म्हणजे घर आपलं झालं, असंही नाही. आपल्या वस्त्यांमध्ये हा गैरसमज फार आहे. त्याचं कारणही आपल्याला माहीत आहे. चांगल्या सोसायट्यांत आडनाव ऐकून दार लागतं, मग जिथे मिळतं तिथे आपण काही न विचारता घेतो. राग खरा आहे, पण त्यापायी कागद तपासायचे सोडले तर नुकसान आपलंच.

दुसरी गोष्ट, काय तपासायचं. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ती ऑनलाइन पाहता येते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. जुना फ्लॅट असेल तर आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. वकील आपला हवा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

नवीन बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाका. परवानग्या, ताबा देण्याची तारीख, त्या जमिनीवरचे खटले, सगळं तिथे दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. किंमत कार्पेट एरियावर ठरवा. 'सुपर बिल्ट-अप' म्हणून जो आकडा सांगतात, त्यात जिना आणि लॉबीसुद्धा मोजलेली असते.

तुमच्यातले काहीजण व्याजामुळे बँकेचं कर्ज घेत नाहीत. तो ज्याचा त्याचा निर्णय. फक्त एक लक्षात ठेवा. कर्ज देताना बँकेचा वकील कागद तपासतो. रोखीनं घेणाऱ्यासाठी ते कुणीच करत नाही. म्हणून कर्ज नको असलं तरी त्या इमारतीवर बँका कर्ज देतात का, हे जरूर विचारा. एकही बँक देत नसेल, तर तिथून उठा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा पुणे महापालिकेच्या हद्दीत ४० लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार, दलाली ४० हजार. घर पडलं साडेत्रेचाळीस लाखांना. भाडं धरा महिना १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यातून एक महिना घर रिकामं राहिलं म्हणून १२ हजार, मेंटेनन्सचे २४ हजार, घरपट्टी आणि दुरुस्तीचे १२ हजार वजा करा. हातात राहिले ९६ हजार, म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. आता ३० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २७ हजार. भाड्यातून महिन्याला ८ हजार सुटणार, उरलेले १९ हजार पगारातून. नोकरी गेली तर किती महिने भरू शकाल? सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील तर थांबा. एजंट म्हणेल, "भाड्यातच हप्ता निघेल." त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा.

चौथी गोष्ट, नाव कुणाचं. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ४० हजार वाचले. पण मी हे सवलतीसाठी सांगत नाही. आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये अम्मीचे दागिने गेले, पण कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. दुसरा फ्लॅट तिच्या नावावर आहे. नाव लावून थांबू नका, भाडंही तिच्याच खात्यात जाऊ द्या.

शेवटी भाडेकरूबद्दल. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. ओळखीचा मुलगा आहे, तोंडी चालेल, असं म्हणू नका. डिपॉझिटची पावती द्या, घर सोडताना ते वेळेवर परत करा. आणि नाव, जात, ताटातलं जेवण विचारून कुणाला परत पाठवू नका. ते वाक्य ऐकून जिना उतरताना कसं वाटतं, हे या सभागृहातल्या बहुतेकांना माहीत आहे.

आमचा दुसरा फ्लॅट घेताना मी बयाणा देण्याआधी दोन महिने कागद तपासत होतो. एजंट रोज फोन करायचा, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." अब्बा म्हणाले, "जाऊ दे गेला तर." त्या अवधीत दोन फ्लॅट खरंच हातचे गेले. तिसऱ्याचे कागद स्वच्छ निघाले. रजिस्ट्रीच्या दिवशी अम्मीनं अंगठा लावला, फोटो काढला. अब्बांनी इंडेक्स टूची प्रत मागून घेतली आणि तिचं नाव दोनदा वाचलं.

तुमच्यापैकी कुणी आत्ता बयाणा द्यायच्या तयारीत असेल, तर उद्या आधी सातबारा काढा. पैसे त्यानंतर.